देवनारला गेलेला दगड

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये मी नागपूरहून घाटकोपरला निघालो, तो एका प्राचीन जनावराची दगड झालेली कवटी आणायला. गोदावरीच्या खोऱ्यात, तांबड्या मातीतून ती माझा मित्र वसंता याने आणि मी मिळून काढली होती. मी म्हणे मगर, तो म्हणे नाही. "मगरीच्या नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला असतात. याच्या बघ, डोळ्यांपाशी. हा फायटोसॉर. मगरीचा लांबचा चुलतभाऊ, घराणंच वेगळं." ते पाहिल्यावर मी वाद सोडला. पुढे नोकरीपायी तो मुंबईला गेला, कवटीही साफ करायला घेऊन गेला. दिवाळीनंतर तो वारला. कवटी आपल्या नागपूरच्या संग्रहालयात लागावी, एवढंच त्याने बायकोला सांगितलं होतं.

शालिनीवहिनींनी आधी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). आम्हा नागपूरकरांना तो वास जड जातो, पण मी मुकाट्याने जेवलो. मग त्यांनी जुन्या साडीत गुंडाळलेला खालचा जबडा आणून ठेवला, दातांसकट.

"आणि दुसरा दगड? कवटीचा वरचा भाग?"

"तो बिनदातांचा? गॅलरी बंद करून घेतली ना, तेव्हा डेब्रिजमध्ये (बांधकामाच्या राड्यारोड्यात) गेला. देवनारला टाकतात सगळं. हा मगरीसारखा दिसला म्हणून ठेवला. का हो भाऊजी, कामाचा होता?"

नाकपुड्या त्याच दगडात होत्या. "नाही हो," मी म्हणालो.

जरा पाय मोकळे करून येतो, असं सांगून देवनारची बस धरली. कचऱ्याचे ढीग धुमसत होते, वर घारी फिरत होत्या. भंगार वेचणाऱ्या एका बाईला विचारलं.

"कधी टाकला?"

"महिना झाला असेल."

"मग त्याच्यावर किती माल पडला असेल. घरी जा, काका."

तरी दिवस मावळेपर्यंत राडारोडा उकरत राहिलो. विटा निघाल्या, फुटक्या फरश्या निघाल्या. शेवटी रडू आलं. धूर होता म्हणून बरं.

परतलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "देवनारला गेला होतात ना? कपड्यांना वास येतोय."

मी चपला काढून आत आलो. त्यांनी जबड्याकडे बोट दाखवलं.

"आता याला काय म्हणतील?"

"मगर."

त्या खाली बसल्या. "आजारपणातही तेच चालायचं त्यांचं. मगर नाही गं ती, मगर नाही."

नागपूरला संग्रहालयाच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुरावा दाखवा. जबडा आता काचेच्या कपाटात आहे. पाटीवर लिहिलंय 'मगर', आणि खाली शोधणारा म्हणून वसंताचं नाव. आमचा जुना वाद मी जिंकलो. त्या कपाटासमोर मला उभं राहवत नाही.