मेस्ताच्या रेघा

मेस्त आधी पायांकडे बघायचा, मग तोंडाकडे. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने तेच केलं, आणि मी पडले तोंडाची फटकळ. म्हटलं, "काय रे मेस्ता, माझ्या पायांना शेण लागलंय की काय?" तो ओशाळून हसला. "नाय ओ वैनी. तोंड काय, हसता पण आणि रडता पण. पाय खोटा बोलनत नाय." दोडामार्गाकडचा हा गवंडी. आमच्या भागात कसबी कारागिराला मेस्त म्हणतात. त्यापलीकडे त्याला दुसरं काही नाव असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आमचं गोव्यातलं, साखळी गावचं घर चढावर. गेटपासून सोप्यापर्यंत चांगला लांब उतार, तोही तांबड्या मातीचा. त्या पावसाळ्यात सासूबाई तिथे घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण धीर गेला. त्यांचा निम्मा संसार त्या गेटपाशी होता. मासेवाली, पाव घेऊन येणारा पोदेर, बसला निघालेल्या बायका, सगळ्यांची खुशाली घेतल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. आता त्या दिवसभर सोप्यावर बसून खालच्या गेटकडे टक लावायच्या. बघवत नसे. म्हणून यांनी उतारावर काँक्रीट घालायचं ठरवलं आणि मेस्ताला बोलावणं गेलं.

गोवा राज्य झालं ते हे साल. मराठी की कोकणी यावरून यांची आणि शेजारच्या भाईंची सोप्यावर रोज जुंपायची. चहा निवून जायचा, वाद निवायचा नाही. एकदा भाईंनी मेस्तालाच पंच केलं. "मेस्ता, तूं खंयचे वटेन?" मेस्त खाली मातीत बोट खुपसून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी उताराच्या बाजूचो. पाणी खंय जाता ता बगूक होया माका." त्या दिवशी चहा गरम असतानाच प्यायला गेला.

मोजपट्टी त्याच्या खिशात असे, पण ती सगळ्यात शेवटी बाहेर यायची. "आधी माणूस मोजूचो, मगे जमीन," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी तो सासूबाईंपुढे उभा राहिला. "आये, चल बगया." त्या घाबरल्या. मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही उतारावरून निघालो. मेस्त मागून ओणवा होऊन त्यांच्या प्रत्येक पावलाशी वीत लावायचा आणि कडेच्या चिऱ्यावर चुन्याची खूण करायचा. दुसऱ्या दिवशी ओल्या काँक्रीटवर त्या खुणांच्या मापाने त्याने सळी दाबून आडव्या रेघा ओढल्या, बोटभर खोल. मला ते ध्यान वाटलं. "एवढ्या जवळजवळ? कोंबडीसाठी करतोयस का रस्ता?"

"आयेसाठी करतंय," तो म्हणाला.

मग तीन आठवडे कुणाला पाय ठेवू देईना. "सिमेंटाचा बाळंतपण असता, वैनी. घाई करून चलणा नाय." रोज सकाळी दुसऱ्या कामावर जाण्याआधी तो यायचा, गोणपाटं भिजवायचा, चहात उंडा पाव बुडवून खायचा आणि जायचा. एकविसाव्या दिवशी गोणपाटं काढली, स्वतः अनवाणी खालीवर चालून टाच दाबदाबून बघितलं, आणि हाक मारली, "आये, ये गे." सासूबाई एकेका रेघेत टाच रोवत गेटपर्यंत गेल्या. त्यांना तिथे उभ्या बघून मासेवालीने पाटी खाली ठेवली आणि रडायलाच लागली. पुढे बारा वर्षं त्या रोज उतरल्या. पावसात शेवाळ धरलं तरी एकदाही पडल्या नाहीत.

मेस्त दर चतुर्थीला माटोळीचं सामान घेऊन यायचा, गणपतीवर टांगायची कांगलांसारखी रानातली फळं, नारळाचा घड. गेटपाशी चपला काढायचा आणि अनवाणी चढायचा. देवळात गेल्यासारखा. मी चिडवायची, तो हसायचा.

सासूबाई गेल्या. हेही गेले. मुलाने गाडी घेतली. काँक्रीटला तोवर भेगा पडल्या होत्या, गाडी रेघांवरून धडधडत चढायची. जवळच रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. मुलगा म्हणाला, "आई, आपलंही करून घेऊ?" मी लगेच हो म्हटलं. रेघांत केर अडकतो म्हणून माझीच रोजची कुरकुर होती ना! जुनं फोडायला दोन दिवस लागले. बेळगावकडचा एक कामगार घाम पुसत म्हणाला, "आजी, कुणी घातलं होतं हो हे? फुटता फुटत नाही." आणि मी मूर्ख बाई, अभिमानाने सांगत बसले, आमच्या मेस्ताने.

त्या चतुर्थीला मेस्त आला तो काठी टेकत. गेटपाशी चपला काढल्या, काळ्या उताराकडे बघत उभा राहिला, आणि कडेच्या गवतातून वर आला. "गाडयेक बरा झाला," एवढंच म्हणाला. सामान ठेवलं. मग सवयीने माझ्या पायांकडे बघितलं. माझे गुडघे तोवर गेलेच होते. "वैनी, चला बगया."

"आता कसलं माप घेतोस रे?" म्हणत मी मुलाचा हात धरून चालले. मेस्त मागून, कसाबसा वाकत, पानाच्या डबीतला चुना बोटाने डांबरावर लावत होता. चारपाच पावलांवर थांबला. वीत लावली, परत लावली, आणि तिथेच ओल्यात बसला.

"दीड वीत. आयेचोच माप, वैनी."

"मग मार ना रेघा," मी म्हटलं.

"डांबरात रेघ रवणा नाय. उनात परत भरता." त्याचे डोळे भरले होते. "माका एकदा इचारूचा होता ओ."

इतक्या वर्षांत त्याने केलेली ही एकच तक्रार. मी त्याची काठी उचलून हातात दिली. मुलगा गाडीने सोडतो म्हणाला तर नको म्हणाला, आला तसा गवतातून उतरून गेला. संध्याकाळच्या पावसात चुन्याच्या खुणा धुऊन गेल्या.

पुढच्या चतुर्थीला सामान घेऊन त्याचा पुतण्या आला. "काका मार्गशीर्षात गेले," म्हणाला. मी आत जाऊन खूप रडले. माफी मागायला तीन महिने होते माझ्याकडे, आणि मी चतुर्थीची वाट बघत बसले होते.

गाडी आता अलगद वर येते. मासेवाली गेटपाशी येऊन हाक मारते, मी सोप्यावरून ओ देते. परवा म्हटलं, जाऊया खाली. दोन पावलं टाकली, टाचेला रेघ सापडेना. परत फिरले आणि सासूबाई बसायच्या तिथे येऊन बसले.