रुपीबाईला आवडलेला सिनेमा

आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत वर्षा राठोडचं पिको-फॉलचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा उरू नये इतकी ब्लाउजपिसं. बाई हाताची साफ आणि तोंडाची फटकळ. कुणी नवी फॅशन दाखवली आणि ती पटली नाही, तर "हे तुमच्यावर शोभनार नाही" असं तोंडावर सांगून मोकळी. तरीही गिऱ्हाईक तुटत नाही, कारण तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघतं.

या वर्षा राठोडच्या माहेरच्या पेटीत तीन जाडजूड पुस्तकं आली होती. ती आश्रमशाळेतली. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत सगळ्या पोरी घरी गेल्या तरी वर्षा वसतिगृहातच राहायची. ग्रंथालयाचं कपाट कोकिळा मॅडमकडे असे. त्यांनी पोरीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि एका परदेशी विज्ञानकथेचे मराठीत आलेले तीन खंड तिच्या पुढ्यात ठेवले.

गोष्ट अशी होती की सूर्य विझत चालला आहे आणि उरलेली माणसं जहाजांची रांग लावून दुसऱ्या ताऱ्याकडे निघाली आहेत. यंत्रं बंद पडतात तेव्हा वाट ठाऊक असते ती फक्त एका म्हातारीला. वर्षाला ती जहाजं दिसलीच नाहीत. तिला दिसले मिठाच्या गोण्या लादलेले बंजारा तांड्याचे बैल, आजोबा सांगायचे तसे, एकामागे एक चाललेले.

"मॅडम, लिहिनाऱ्यानं आपला तांडा पाह्यला होता का?" तिने विचारलं होतं.

मॅडम हसल्या. "नाही गं. पण चालत तर सगळीच माणसं आली आहेत."

पुढे जुन्या पुस्तकांचं कपाट रिकामं झालं, तेव्हा मॅडमनी ते खंड तिलाच देऊन टाकले. वर्षाचं लग्न झालं, संसार लागला, दुकान उभं राहिलं. दरवर्षी एकदा तरी ती म्हातारीचं प्रकरण काढून वाचायची.

म्हणून त्या पुस्तकांवर मोठा सिनेमा निघाला आणि हिंदीत होऊन यवतमाळला लागला, तेव्हा वर्षाने चक्क रविवारी दुकान बंद ठेवलं. नवरा भारत पिकअप काढत होता तोच सासू रुपीबाई लुगडं सावरत पुढच्या सीटवर येऊन बसली.

"मले बी घेऊन चला."

"याडी, तुले काय समजनार त्याच्यातलं?" भारत म्हणाला. याडी म्हणजे आई.

"नाही समजलं तं झोपीन."

रुपीबाई झोपली नाही. झोप वर्षाची उडाली, पण रागाने. पडद्यावर जहाजं देखणी होती, आकाश तर विचारू नका. पण म्हातारी? ती दोनदा दिसली आणि एक अक्षर बोलली नाही. पुस्तकात ती जे जे सांगते ते सगळं एका तरण्या हिरोच्या तोंडी घातलं होतं, वर त्याच्या हातात बंदूक.

बाहेर वर्षाचा वर्गमित्र संजय मोबाइल धरून उभा होता. तो आर्णीच्या बातम्यांचं चॅनल चालवतो. लोकांची मतं घेणं चालू होतं. एक पोरगा म्हणाला, "खतरनाक! तिकीट वसूल!" एका प्राध्यापकांनी मूळ साहित्यकृतीचा आत्मा हरवल्याचं सांगितलं. एका काकांना एसी फार आवडला होता.

"वर्षाताई, तुले कसा वाटला?"

"मले नाही आवडला," वर्षा उसळली. "पुस्तकात सारं त्या बुढीच्या जिवावर चालते. यायनं तिचं तोंडच बंद करून टाकलं. बनवनाऱ्यानं पुस्तक वाचलं तरी का?"

तेवढ्यात मागून रुपीबाईचा आवाज आला, "मले तं लय आवडला."

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ 'सासू-सुनेची जुगलबंदी' म्हणून आर्णीभर फिरला. कुणी लिहिलं, सून बरोबर. कुणी लिहिलं, आजी एक नंबर. एकाने लिहिलं, तांड्यातल्या बायांना यातलं काय कळतं. वर्षाला ते शेवटचं लागलं, पण त्याहून जास्त लागलं ते सासूचं मत. दिवसभर ती घुश्शात होती. संध्याकाळी ओसरीवर रुपीबाई तुरीची डाळ निवडत बसली होती, तेव्हा वर्षाला राहवलं नाही.

"याडी, काहून आवडला तुले?"

रुपीबाईने सूप बाजूला ठेवलं. "ते बुढी जहाजाच्या भिंतीवर हात ठेवून चालते, पाह्यलं का तुनं? माही आजी असीच चालायची. डोये गेलते तिचे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून बजाराले जाये. नाला आला का तिलेच आधी समजे. एक शब्द बोलत नोती, अन् साऱ्या बाया तिच्या मांगं. मले वाटलं, मेलेली आजी दिसून राह्यली."

भिंतीवरचा तो हात वर्षाने पाहिलाच नव्हता. म्हातारी आता बोलेल, मग बोलेल, याची ती वाट पाहत बसली होती.

"बरं, पुस्तकात काय म्हनते थे?" रुपीबाईने विचारलं. "वाच बरं."

वर्षाने पेटीतून खंड काढला. मराठीतलं वाक्य मनात वाचायचं आणि गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, सांगायचं. म्हातारीचं भाषण सुरू झालं. ते पानामागून पान चाललं. रुपीबाईने जांभई दिली.

"लय बोलते वं हे बुढी."

वर्षाला आधी संताप आला. मग तिच्या ध्यानात आलं की मघापासून ती स्वतःच काही ओळी गाळत होती. ताऱ्यांचं गणित सोडून दिलं होतं, आणि 'नांगर' आला तिथे जहाजाचा नांगर सासूला शेतातला वाटेल म्हणून 'दावं' म्हणाली होती. तिलाही निवडावं लागत होतं. ती एकदम हसायला लागली, इतकी की भारत बाहेर येऊन पाहू लागला.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारची पंचफुला येऊन बसली. मग बसंतीबाई आली, ती आणखी चौघींना घेऊन. पहिला खंड संपला तेव्हा सगळ्यांनी एकच धरलं, सिनेमा पाहायचाच. भारतने पिकअपमध्ये सतरंजी अंथरली.

यवतमाळला जाताना बाया गाणी म्हणत गेल्या. या वेळी वर्षाने तो हात नीट पाहिला. पडद्यावरच्या भिंतीवरून तो सावकाश सरकत होता, आणि शेजारच्या खुर्चीत रुपीबाईचा हातही पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला होता. बंदुकीची जागा आली तेव्हा मात्र वर्षाने पुन्हा तोंड वाकडं केलं.

बाहेर आल्यावर संजयने परत मोबाइल धरून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आता अर्धा आवडला. दुसऱ्या अर्ध्यासाठी मी भांडनारच हावो."

"अन् आजी, तुम्ही?"

"दुसरा भाग लवकर काढा म्हना," रुपीबाई म्हणाली. "अन् त्या पोट्ट्याले जरा कमी बोलू द्या."

सध्या ओसरीवर दुसरा खंड चालू आहे. जहाजांवर पाणी कमी पडलंय आणि कुणाच्या वाट्याचं कापायचं यावरून भांडण लागलंय. पंचफुला म्हणते, नायकाने ठरवावं. बसंतीबाई म्हणते, ज्या बाया पाणी भरतात त्यांनी ठरवावं. काल दोघींची इतकी जुंपली की वर्षाला पुस्तक मिटावं लागलं. तरी आज ऊन उतरायच्या आधीच दोघी येऊन बसल्या, एक या कोपऱ्यात, एक त्या, आणि दोघीही एकाच वेळी म्हणाल्या, "चाल, वाच."