खिडकीतले दोन दिवे

गल्लीत त्यांना सगळे नियमकाका म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. उमेदीची वर्षं नगरपालिकेत नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून घरोघरी सह्या गोळा करून त्यांनी ही जुन्या घरांची गल्ली जतनाच्या यादीत घालून घेतली. तेव्हापासून गल्लीच्या जतन समितीचे अध्यक्ष तेच. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची तर लाकूड तेच, घडण तीच आणि काच एकेरी, हा नियमही त्यांनीच लिहिलेला.

थंडी अडवायला कुणी गुपचूप दुहेरी काच बसवली तर ती पकडायची त्यांची युक्ती होती. रस्त्यावरचे दिवे लागले की ते फिरायला निघत. एकेरी काचेत दिवा एकच दिसतो, दुहेरीत त्याचे दोन होतात. समोरच्या बेकरीवाल्याची खिडकी त्यांनी अशीच पकडली आणि बिचाऱ्याला ती काढायला लावली. त्यानंतर बेकरीवाला त्यांना पाव द्यायचा, पण कालचा.

काकांच्या स्वतःच्या खिडक्या मात्र अगदी अस्सल होत्या. म्हणजे चौकटी खाली कुजलेल्या आणि फटींतून वारा सुसाट. काकू घरात शाल, स्वेटर, मोजे असा जामानिमा करून बसत.

"अहो, खिडकी बदला आता, दुहेरी काचेची लावा," त्या म्हणत.

"नियम आहे," काका म्हणत आणि फटीत कागदाची आणखी एक सुरळी कोंबत.

खोकला छातीत उतरला तेव्हा काकूंनी बॅग भरली. "मी ताईकडे जाते. खिडकी बदललीत की कळवा. नाही बदललीत तर कळवूसुद्धा नका."

आठवडाभर काकांनी तोरा मिरवला. मग घर खायला उठलं. चहा सवयीने दोघांचा टाकला जायचा आणि दुसरा कपही त्यांनाच प्यावा लागायचा. ही खरंच परत आली नाही तर, या विचाराने काका घाबरले.

शेवटी त्यांनी समितीपुढे आपलाच नियम बदलायचा ठराव मांडला. लाकूड तेच, घडण तीच, काच हवी तर दुहेरी. बेकरीवाला अशी संधी थोडीच सोडणार?

"काका, कारण नोंदवायला हवं ना?"

"घरात थंडी वाजते."

"कुणाला?"

"मला," काका म्हणाले. "ती नाहीये ना घरी."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे हात वर गेले, बेकरीवाल्याचा सर्वात आधी.

दुहेरी काचेसाठी सुताराने जुन्यासारखीच हुबेहूब चौकट घडवली, कारण काका पूर्ण वेळ त्याच्या डोक्यावर बसून होते. निरोप मिळाला तशा काकू आल्या. बॅग खाली ठेवून त्यांनी नवी खिडकी घट्ट बंद केली आणि काचेला कान टेकवला. समोर बेकरीवाला शटर ओढत होता, पण खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे इथलं बोलणंही आता बाहेर जात नाही ना?"

"एक शब्द नाही," काका अभिमानाने म्हणाले.

"मग बसा." काकूंनी स्वेटर काढून बाजूला ठेवला. "लग्न झाल्यापासून गल्लीला ऐकू जाईल म्हणून बरंच गिळलंय मी. तुमच्या बहिणीपासून सुरुवात करते."

काकांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.