उरलेली तिसरी तार

भिकनआप्पांनी त्या दिवशी माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगते. आमच्या साउंडच्या दुकानात तेच सगळ्यांत जुने. घरापासून इतक्या लांब, सुरतेत, सातवीत शाळा सुटलेल्या मला दुसरं काम कोण देणार होतं?

एका लग्नात मंगलाष्टकांआधी माईक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा होता. माईकच्या वायरीत तीन तारा, पिनेला जागा दोनच. बाहेरून विणलेली जाळीची तार मी एका जागी लावली. उरलेल्या दोन्हींतून आवाज येतो, मग एक कशाला वाया घालवायची, म्हणून दोन्ही एकत्र पिळून दुसऱ्या जागी सोल्डरचा डाग दिला. माईक मुकाच झाला. भटजी माझ्याकडे बघायला लागले.

आप्पा म्हणाले, "पोरी, दोघींत आवाज एकच, पण एकीत उलटा. एकत्र बांधल्यास, झाल्या दोघी गप. एक सोडव आणि जाळीला जोड."

जोडली, तसा आवाज आला.

एकच बोलणाऱ्या दोघी जवळ आल्या तर शांतता का व्हावी, मला अजून नीट कळत नाही. फोनवर आई म्हणते बरी आहे, मीही म्हणते बरी आहे, आणि पुढं दोघींना काही सुचत नाही. ते हेच का, की वेगळं?

आप्पांना हल्ली उजव्या कानानं कमी ऐकू येतं. डावाही थकला, की अ‍ॅम्प्लिफायरपाशी त्यांच्या शेजारी बसून काय वाजतंय ते मी सांगेन.