सैल केलेली बाही

आज देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. सगळा राग धाकट्या दिरांवर. शिलाईत हा माणूस जितका काटेकोर, तितकाच स्वतःच्या जिवाबद्दल बेफिकीर.

भावोजी शिंपी. आमच्याच पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतात, मापात बसणारं कुणी भेटलं नाही. कॉलर जराशी तिरकी गेली तरी उसवणार, गिऱ्हाईक दारात ताटकळत का असेना. गेल्या वर्षी मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी मानेतल्या उजव्या शिरेत नळी घातली, तिचं टोक छातीवर बाहेर काढलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, नळी तात्पुरती आहे, शिरेत फार दिवस राहिली की रक्ताची गुठळी धरते. डाव्या हातात छोटं ऑपरेशन करून शीर धमनीला जोडून घ्या, मग हातातूनच डायलिसिस होईल आणि नळी काढता येईल. भावोजींनी मान डोलावली आणि विषय गुंडाळून ठेवला. उजवा हात नुसता धरतो, कापड वळवतो तो डावा, असं त्यांचं म्हणणं. तो कापला तर पोटावर पाय. आधी शाळेचे गणवेश होऊ देत, मग थंडीचे कोट होऊ देत. ह्यांनी समजावलं, मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आज सकाळी त्यांचे सदरे इस्त्रीला घेतले, तर एकाची उजवी बाही डावीपेक्षा रुंद. दुसऱ्याचीही तीच गत. शिवण उसवून आतलं कापड सोडलेलं, आणि टीप इतकी सुबक की परक्याला कळू नये. चुकलं असेल म्हणावं, तर भावोजी आणि चूक? तशीच पुढच्या खोलीत गेले आणि हात दाखवा म्हटलं. आढेवेढे घेत त्यांनी बाही वर सरकवली. दंड फुगलेला, कातडी ताणून चकचकीत, मानेलाही सूज.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. बाही काचत होती, वहिनी, म्हणून सैल केली. आता त्रास नाही."

"हात सुजला आणि तुम्ही बाही दुरुस्त केलीत?"

डायलिसिसच्या नर्सला तरी का दाखवलं नाही, विचारलं. तर म्हणे, नळी छातीवर, सदऱ्याची वरची बटणं काढली की त्यांचं काम होतं. तोंडातून भलतंसलतं निघू नये म्हणून देवाचं नाव घेतलं आणि रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत गुठळी दिसली, नळीभोवती, मानेच्या शिरेत. सुटून फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. रक्त पातळ करणारी औषधं सुरू करून त्यांना दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या बाजूच्या शिरा आता भरवशाच्या नाहीत, डाव्या हाताचं ऑपरेशन टाळून चालायचं नाही.

भावोजी बराच वेळ चादरीची शिवण चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, त्यानंतर ह्या हातानं कापड वळवता येईल का?"

"येईल की. जखम भरू द्या, जड ओझं उचलू नका. शिवणकामाला कोण नाही म्हणतंय?"

वर्षभर जो हात जपत बसले, त्याबद्दल एवढं साधं विचारायला भावोजींना जीव टांगणीला लागावा लागला. ऑपरेशनला आता हो म्हणालेत. देवा, आधी ती गुठळी विरघळू दे. माणूस धड घरी येऊ दे, मग मी त्यांना चांगलं सुनावते.