प्रधान मॅडमचा चालू वर्तमानकाळ

कात्रपच्या प्रधान मॅडमच्या इंग्लिश क्लासमधले आम्ही दोघे-तिघे जरी कुठे भेटलो, तरी चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि चहा संपेपर्यंत आणखी तीन. इंग्रजी किती आलं, ते विचारू नका. किस्से मात्र भरपूर जमले. एका साध्या नियमाने माणसं इतकी कशी उघडी पडतात, याचं मला आजही कुतूहल वाटतं.

तो नियम असा. पहिल्याच दिवशी मॅडम खिडकी उघडता उघडता म्हणाल्या, "आय अ‍ॅम ओपनिंग द विंडो." मग खुर्चीत बसल्या. "आता मी हेच वाक्य म्हटलं, तर ते खोटं. काम चालू असेल तरच बोलायचं. हात थांबला की तोंड बंद!"

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. कोणाचे हात चालतात आणि कोणाचं नुसतंच तोंड, हे दिवसभर बघत होतो. त्यामुळे नियम मला लगेच पटला.

*

मग काय, क्लासमध्ये कोणी केस विंचरतंय, कोणी बटण लावतंय, कोणी उगाच फळा पुसतंय, आणि प्रत्येक जण ते मोठ्याने सांगतोय. शेजारच्या काकू एकदा खिडकीतून डोकावल्या.

"मॅडम, नाटक बसवताय का?"

"नाही हो, व्याकरण शिकवतेय."

काकूंचा विश्वास बसला नाही. गणपतीत प्रयोग कधी आहे, हे त्या पुढे महिनाभर विचारत होत्या.

*

उल्हासनगरहून गोपीचंदशेठ यायचे. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या वाट्याला वाक्य आलं, "आय अ‍ॅम सेलिंग क्लॉथ."

"विकताय कुठे?" मॅडमनी अडवलं.

शेठनी शांतपणे पिशवीतून ब्लाउजपीस काढले. "मॅडम, पहले ग्राहक तो बिठाओ सामने."

ग्राहक म्हणून मला बसवलं. शेठचं वाक्य पूर्ण होईपर्यंत माझ्या हातात दोन ब्लाउजपीस आले होते. माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

*

पुढे "उद्या या वेळी मी अमुक करत असेन" हा काळ आला. नियम तोच. उद्या त्या वेळी ते करताना दिसलं पाहिजे. आमचे गायकवाड हौशी माणूस. ते म्हणाले, "टुमारो अ‍ॅट सेवन, आय विल बी डान्सिंग."

दुसऱ्या दिवशी सात वाजले, गायकवाडांचा पत्ता नाही. मॅडमनी अख्खा क्लास उठवला आणि त्यांच्या घरी नेला. बिचारे लुंगीवर नाचले. दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "स्वतःच्या लग्नात एवढं सांगून नाचला नाही हा माणूस."

त्यानंतर आम्ही सगळेच उद्या फक्त बसणार होतो.

*

या सगळ्यात मनापासून शिकणारी एकच, कुळगावची वंदना. एमआयडीसीतल्या एका कंपनीत रिसेप्शनिस्टची जागा निघाली होती, इंटरव्ह्यू इंग्रजीत होता. तिला ती नोकरी हवीच होती. तिच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आधी तिचं लग्न उरकायचं होतं. लग्न ठरलं की क्लास बंद, अशी त्यांची अटच होती.

म्हणून ती घरीही सराव करायची. केर काढताना, भाकरी थापताना, जे करेल ते इंग्रजीत सांगायची. अण्णा वैतागायचे. "अगं, दिसतंय की आम्हाला. सांगते कशाला?" पण लागण घरभर झाली. थोड्याच दिवसांत तिची आईही कणीक मळताना "आय अ‍ॅम मळिंग" म्हणायला लागली.

इंटरव्ह्यू सोमवारी होता, आणि नेमके शनिवारी संध्याकाळी तिला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा म्हणाले, "इंग्लिश शिकतेस म्हणे. काहीतरी बोलून दाखव."

वंदनाने पोह्यांची बशी खाली ठेवली, उठली, पायात चप्पल सरकवली आणि दाराकडे जाता जाता म्हणाली, "आय अ‍ॅम गोइंग टू माय क्लास."

"वा, वा!" मामा म्हणाले. "आणखी एक होऊन जाऊ दे."

तोवर वंदना रस्त्याला लागली होती.

जरीच्या साडीत ती क्लासमध्ये शिरली आणि धापा टाकत हे सगळं सांगितलं, तेव्हा हसावं की घाबरावं, आम्हाला कळेना. तेवढ्यात बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला. दारात अण्णा, घामाघूम.

वंदना उभी राहिली. मला तिची फार काळजी वाटली. मॅडमही गडबडल्या असाव्यात, कारण त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघालं, "व्हॉट आर यू डूइंग?"

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या, मागच्या सतरंजीवर माझ्या शेजारी आले आणि मांडी घालता घालता म्हणाले,

"आय अ‍ॅम सिटिंग."