मुरायला ठेवलेला राग

अंबरनाथला कारखान्यांच्या वस्तीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा होती. म्हाताऱ्या झालेल्या तेलविहिरींतून अजून तेल निघेल का, हे आम्ही तपासायचो. तेलात भिजलेला वीतभर दगड पोलादी नळीत बसवायचा, त्यात दाबानं कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि व्हॉल्व्ह बंद करून लोणच्यासारखं मुरू द्यायचं. गॅस मुरला की दाट तेल पातळ होऊन दगड सोडतं. मधेच उघडलं की केलेलं सगळं पाण्यात. या न उघडण्यात मी पटाईत होतो आणि मला त्याचा भारी ताठा होता.

मेव्हण्याच्या हळदीच्या दिवशी नेमका नळीतला दाब उतरायला लागला. मी शेड सोडली नाही. सासुरवाडीला, चामटोलीत, अख्खा गाव मांडवात आणि घरचा एकुलता एक जावई बेपत्ता. दुसऱ्या दिवशी लग्नाला पोचलो, तर बायको माझ्याशी बोलली नाही, माझ्याबरोबर बदलापूरला परतलीही नाही.

रुसून माहेरी राहिलेल्या बायकोला नवऱ्यानं जाऊन आणायचं, ही आमच्याकडची रीत. चामटोली काही लांब नव्हती. पण मी शहाणा. म्हटलं, आत्ता गेलो तर भडका उडेल. राग जरा मुरू दे.

पहिल्या रविवारी मी कपडे धुतले, खिचडी केली आणि रेडिओ लावून दिवसभर खिडकीत बसलो. दुसऱ्या रविवारी रेडिओही लावला नाही. घर खायला उठायचं. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून 'कोण?' असं कुणी विचारत नाही, हे इतकं खुपायचं की मी उगाचच मोठ्यानं खोकायचो.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला सोडावॉटरचा सिंधी व्यापारी आम्हाला गॅसच्या टाक्या द्यायचा. माझी मळकी कॉलर बघून तो म्हणाला, "साईं, भाभी को ले आओ. इसमें सोचना क्या?" मी हसण्यावारी नेलं.

पाचव्या रविवारी गेलो. सासरे ओटीवर बसले होते. "या," एवढंच म्हणाले. बायकोनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

ती शांतपणे म्हणाली, "पहिल्या रविवारी मी बॅग भरून इथं ओटीवर बसले होते. दुसऱ्या रविवारीपण. शेजारणी विचारायच्या, आज येणार का गं? तिसऱ्या रविवारी बॅग रिकामी केली. आता परत भरावीशी वाटत नाही."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मला तिथंच रडू आलं. सासरे उठून आत गेले. तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाली, "शेवटची गाडी सहाची आहे. निघा आता."